तुटक रेघ

भिंतीवरच्या नव्या पडद्यावर माझी रेघ अखंड दिसली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं तर मला त्या क्षणी राग यायला हवा होता. तो आलाही, पण नंतर, सावकाश. आधी आला तो अभिमान, कारण माझ्या बाबतीत तो नेहमी आधीच येतो. साहेब बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आमचा नियंत्रण कक्ष दाखवत होते. नदीकाठच्या सगळ्या मापकांचे आकडे त्या पडद्यावर रेघांच्या रूपाने सरकत होते. साहेबांनी हातातल्या पट्टीचं टोक नेमकं जुन्या पुलाच्या रेघेवर, एका उतारावर टेकवलं. "हे वळण बघा," ते म्हणाले, "पाणी उतरता उतरता मध्येच जरा थबकलंय. इतकं बारीक टिपतं आमचं यंत्र." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी दाराशी कॉफीचा कप धरून उभी होते. त्या वळणापाशी कुठलंही यंत्र नव्हतं. जुन्या पुलावरचा मापक गेल्या पुरात वाहून गेला होता, आणि पाण्याचं ते थबकणं, तो लहानसा दम खाणं, हे सगळं माझ्या जाळ्याने भरलेलं होतं. मी ते लगेच ओळखलं. आपल्या मुलाचं अक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावं, तसं.

जाळं म्हणजे काय ते मी आईलाही समजावून दिलंय, तेव्हा कुणालाही सांगता येईल. नदीवर ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत. ती ठरावीक वेळाने एकेक आकडा पाठवतात, आणि ते आकडे काळाच्या क्रमाने लावले की त्यांची मालिका होते, रेघ होते. पण यंत्रं ती यंत्रंच. बॅटरी संपते, उंदीर तार कुरतडतो, फांदी अडकते, कधी काहीच कारण नसताना एखादं रुसून बसतं. मग रेघेत खंड पडतो. पूर्वी आमच्या ऑफिसात खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढून मोकळे होत. नदी सरळ रेघेत कधी वाहिली आहे का? मी न्यूरल नेटवर्क आणलं, तेच हे जाळं. इथले वर्षानुवर्षांचे आकडे त्याला दाखवले, मुद्दाम त्यातले तुकडे झाकले आणि विचारलं, इथे काय असेल? चुकलं की किती चुकलं ते दाखवून पुन्हा विचारलं. असं अगणित वेळा. हळूहळू त्याच्या आतली मापं अशी बसत गेली की बंधाऱ्यावर पाणी चढलं तर गिरणीपाशी किती वेळाने चढेल, सुट्टीच्या दिवशी कारखाने बंद असले की सकाळी नदी कशी जरा भरून येते, हे त्याला कुणी न सांगता कळू लागलं. त्याने भरलेला पहिला खंड मी पाहिला तेव्हा खुर्चीत मागे रेलून स्वतःशीच हसत बसले होते. नियम तेवढा मीच घालून दिला होता: मोजलेलं ते अखंड रेघेत, जाळ्याने भरलेलं ते तुटक रेघेत. तुटक म्हणजे माझं. कुणी म्हणेल हा प्रामाणिकपणा, पण त्यात सही करण्याचा आनंदही होता.

मी अभिमानी आहे. हे मला लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलंय की आता त्याचाही अभिमान वाटतो. शाळेत बाई म्हणायच्या, उत्तर बरोबर आहे, पण तोंड असं का करतेस? मी असं काही तोंड करते हे मला ठाऊकच नव्हतं. घरी जाऊन आरशासमोर करून पाहिलं: हनुवटी वर, नाकपुड्या जरा ताणलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. मला ते आवडलं. बाबा हसून म्हणायचे, कुणावर गेलीय कोण जाणे. ते स्वतः टपाल कचेरीत खिडकीमागे बसायचे, मऊ बोलायचे, भांडायला आलेल्या माणसाला शांत करून परत पाठवायचे. आई कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर होती. ती फारशी कशावर काही बोलायची नाही. तिचा उजवा अंगठा मोठ्या कात्रीने कायमचा दबलेला होता आणि त्या अंगठ्याने ती माझ्या कपाळावरचे केस मागे सारायची, हे मला बोलण्यापेक्षा जास्त आठवतं. अभिमान कुठून आला हे कोडं मी कधी सोडवायला घेतलं नाही. माझा मीच निर्माण केला असणार, असं मी धरून चालले होते, आणि तसं धरून चालण्यातही भाव खाणं होतंच.

पाहुणे गेल्यावर मी साहेबांना विचारलं, "जुन्या पुलाची रेघ अखंड कशी झाली? भरलेला भाग आपण तुटक दाखवतो."

"दाखवायचो," साहेब म्हणाले. "तुटक दिसली की लोक विचारतात, इथे काय झालं होतं? मग अर्धा वेळ त्यातच जातो. आज कुणी विचारलं का? मॅडम, हे तुमचंच कौतुक आहे. खरं कुठे संपलं आणि तुमचं कुठे सुरू झालं, ते मलासुद्धा सांगता येत नाही."

माझी पाठ थोपटायला दुसऱ्या कुणाची गरज नसते, पण थोपटली तर मी ती काढूनही घेत नाही. मग साहेबांनी मूळ मुद्दा काढला. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. जुन्या पुलावर नवा मापक बसवायचा की नाही हे तिथे ठरणार होतं. साहेबांचं म्हणणं, गरज नाही. वर बंधाऱ्याचा मापक आहे, खाली गिरणीचा आहे, मधलं सगळं जाळं भरतंच आहे. जुन्या पुलापाशी पाणी लाल खुणेवर गेलं की खालच्या गल्लीत भोंगा वाजतो, तो भोंगाही यापुढे जाळ्याच्याच आकड्यावर लावायचा. एकदा हे मान्य झालं की बाकीच्या ठिकाणीही मोडेल ते यंत्र मोडू द्यायचं. "तुम्ही फक्त उभं राहून तुमच्या त्या आवाजात सांगा," साहेब म्हणाले.

"कुठल्या आवाजात?"

"आहे तुमचा एक."

मी हो म्हणाले. विचार करून सांगते, असंही म्हणाले नाही. खालच्या गल्लीत, अगदी नदीकडच्या तळमजल्यावर, मी आणि आई राहतो. तो भोंगा आमच्याचसाठी आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी ते आठवलं ते असं: म्हणजे माझ्या घराची राखण आता माझंच जाळं करणार. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं सगळं स्वतःचंच वाटतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर घुम्या बसतो. त्याला खरं नाव आहे, पण तो इतकं कमी बोलतो की ते वापरायची वेळच येत नाही. आम्ही दोघं इथे एकाच वर्षी लागलो. शुक्रवारी दुपारी आमचा एक खेळ असतो, त्याला आम्ही झाकाझाकी म्हणतो. संगणक चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलाही एक तुकडा उचलतो, खऱ्या रेघेतला तो भाग झाकतो, जाळं तो भरतं, आणि मग घुम्या झाकण काढतो. दोन रेघांत बोटभर फट दिसली तर कॉफी मी आणायची, नाहीतर त्याने. मी कधी आणलेली नाही. त्या दिवशी माझं आणि साहेबांचं बोलणं त्याने ऐकलं असणार, कारण मी खुर्चीवर बसले तेव्हा तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "जाळं कधीच हरत नाही, हे मला आवडत नाही."

"तुला कॉफी आणावी लागते म्हणून."

"तेही आहे," तो म्हणाला आणि पुन्हा गप्प झाला. त्याचं गप्प बसणं इतर दिवशी मला सोयीचं वाटतं. त्या दिवशी ते जरा टोचलं.

संध्याकाळी मी जुन्या पुलावरून चालत घरी निघाले. पुलाच्या दुसऱ्या खांबावर मापकाची लोखंडी चौकट अजून आहे, वाकलेली, तिच्यात नुसती हवा. खाली पाणी उथळ होतं, तळातले दगड दिसत होते, आणि एका टायरभोवती ते वळसा घालून चाललं होतं. गेल्या पुराची सकाळ मला आठवली. मी ब्रेडवर लोणी लावत होते. बाहेर नदीचा आवाज रोजच्यासारखाच होता, म्हणजे आम्हाला तो ऐकूच येत नव्हता. मग भोंगा वाजला. आईने आधी चष्मा शोधला, मग चपला, मग दुसरा चष्मा, आणि मी तिला जवळजवळ उचलून जिन्यावर चढवलं. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या खिडकीतून आम्ही खाली पाहिलं तेव्हा आमच्या दारातलं पायपुसणं तरंगत गल्लीच्या तोंडाशी चाललं होतं. ते पाणी नदीच्या वरच्या अंगाने आलंच नव्हतं. बंधारा आणि पूल यांच्या मध्ये एक ओढा येऊन मिळतो, एरवी त्याला कुणी विचारत नाही. त्या दिवशी तो एकटाच फुगून आला होता. मापकाने चढतं पाणी मोजलं, लाल खूण ओलांडली तसा भोंगा वाजवला, आणि मगच तो गेला. पुलावर उभी राहून मी त्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं आणि चक्क त्याला मनातल्या मनात म्हणाले, आता तुझी काळजी नाही, तुझं काम दुसऱ्याने घेतलंय.

आईने सूप केलं होतं. जेवताना मी तिला सगळं सांगितलं, पाहुणे, पट्टी, ते वळण, साहेबांचा चेहरा. सांगताना मी बहुधा ते तोंड केलं असणार. "इतकी माणसं उभी होती," मी म्हणाले, "आणि कुणाला कळलंसुद्धा नाही."

आई सूप ढवळत होती. "अगदी बापावर गेलीस," ती म्हणाली.

मला हसू आलं. मला आजवर कुणी बाबांवर गेली म्हणालं नव्हतं. "मी? बाबांवर?"

"तेही असेच खूश असायचे. पोरीला कळलंसुद्धा नाही, म्हणायचे. म्हणजे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याजवळ."

"काय कळलं नाही?"

"मी मावशीकडे होते ते."

"त्यात न कळण्यासारखं काय? मावशीचा पाय मोडला होता, तू तिचं करायला गेली होतीस."

"तिचा पाय कधी मोडलाच नव्हता गं," आई म्हणाली.

मला मावशीचं प्लॅस्टर आठवत होतं. नीट आठवत होतं. गुडघ्याच्या वरपर्यंत पांढरं, टाचेकडे मळलेलं, उशीवर ठेवलेला पाय, आणि शेजारी स्टुलावर बसून सफरचंद कापणारी आई. मावशीच्या घराचं निळं दार आठवत होतं, त्याच्या कडीचा आवाज आठवत होता. मी तेव्हा पहिलीत होते. मी त्या दिवसांत मावशीकडे एकदाही गेले नव्हते, हे मला सूपाच्या वाफेपलीकडून आईकडे पाहताना पहिल्यांदा लक्षात आलं. दार खरं होतं, ते नंतरच्या सुट्टीतलं. सफरचंद खरं होतं, ते माझ्या तापातलं. प्लॅस्टर आमच्या शेजारच्या मुलाच्या हातावर होतं. आधीचं थोडं, नंतरचं थोडं, शेजारचं थोडं, आणि मधे एक आखीव, नितळ, पटणारं चित्र. बाबांनी मला एक ओळ दिली होती आणि बाकीचं मी भरलं होतं. मी तेव्हाही या कामात हुशार होते.

"मग कुठे होतीस?"

"हॉस्पिटलात. तुझ्या पाठचं पोटातच गेलं, आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही." आईने हे एरवी भाजी महाग झाली म्हणावं तशा आवाजात सांगितलं. "पोर घाबरू नये म्हणून केलं त्यांनी. चांगल्यासाठीच केलं. शेजारीपाजारी, कारखान्यात, सगळीकडे तीच गोष्ट, कुठे ताकास तूर लागू दिली नाही. इतकी छान बसवली होती की परत आल्यावर मलाही तिच्यातच राहावं लागलं. मग कुणी विचारलंच नाही. विचारणार तरी काय? सगळ्यांना उत्तर माहीत होतं."

तिने दोघींच्या वाट्या उचलल्या आणि नळाखाली धरल्या. आणि मीही काही विचारलं नाही. मी त्या प्लॅस्टरचाच विचार करत बसले, म्हणजे माझाच. बाबा आठवत होते. टपालाच्या खिडकीमागचा तो मऊ माणूस, संध्याकाळी मला मांडीवर घेऊन मावशीच्या पायाची बातमी सांगायचा, आज जरा टेकवला, आज दोन पावलं चालली. रोज थोडं थोडं पुढे नेलेलं, कुठे उडी नाही, कुठे खाच नाही. त्याला माझ्याइतकाच अभिमान वाटत होता, आणि त्याच्याइतकाच मला. ही ओळख मला आवडली की नाही ते मला ठरवता येईना.

त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. मी नेहमी छान झोपते. विचार आला तो सकाळी, दात घासताना, आणि तोही अगदी साधा. आई साध्या दिवशी गेली नव्हती. ती गेली कारण त्याच दिवसांत घरात मोठं काहीतरी झालं होतं. खंड पडला तोच मुळी त्या घडण्यामुळे. आणि जुन्या पुलाचा मापक? तोही साध्या दिवशी गेला नव्हता. बॅटरी कधीही संपते, पण यंत्र वाहून जातं ते पुरात. आणि आमचा संगणक शुक्रवारी चिठ्ठी टाकतो तेव्हा त्या ढिगात सगळ्या साध्या दिवसांच्याच चिठ्ठ्या असतात. पूर म्हणजे त्यात एखादी. ती आमच्या हाती कधी लागली नव्हती. लागली असती तरी उपयोग नव्हता, कारण तो पूर मी जाळ्याला शिकवताना आधीच दाखवून ठेवला होता. इतका मोलाचा तुकडा कोण बाहेर ठेवेल? म्हणजे आजवर मी जाळ्याची परीक्षा घेतली ती निवांत दिवसांवर, आणि भोंगा लावायला निघाले होते तो पुराच्या दिवसावर. पेस्टचा फेस हनुवटीवर तसाच होता. आरशातलं ते तोंड मात्र कुठे दिसत नव्हतं.

ऑफिसात झाडू मारणाऱ्या बाईही अजून आल्या नव्हत्या. मी जाळं पहिल्यापासून शिकवायला बसवलं, फक्त या वेळी तो पूर त्याच्यापासून लपवून. जणू तो अजून यायचाच आहे. यंत्रांचा पंखा घुंई करत राहिला, घुम्या आला, माझ्या पडद्याकडे बघून त्याने कोट काढला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. जाळं शिकून तयार झालं. मी त्याला बंधारा आणि गिरणी दिली, पुलाच्या रेघेवरची पुराची ती सकाळ झाकली आणि सांगितलं, भर.

त्याने भरली. मी खोटं बोलणार नाही, रेघ सुंदर होती. आधीच्या मोजलेल्या रेघेला ती अलगद जुळली होती, पुढे एक हलकासा फुगवटा होता, तोही डौलदार. बंधाऱ्यावर काहीच चढलं नव्हतं आणि गिरणीपाशी पाणी उशिरा, पसरून पोचलं होतं, म्हणून लाल खुणेच्या ती कितीतरी खालून गेली. घुम्याने झाकण काढलं. खरी रेघ वर उसळली, लाल खूण ओलांडून, आणि तिथेच तुटली, जिथे मापक गेला. दोन रेघांच्या मधल्या जागेत आमचा तळमजला होता. लोणी लावलेला ब्रेड होता, आईचे दोन्ही चष्मे होते. या रेघेवर विसंबलो असतो तर भोंगा वाजलाच नसता. आम्ही नाश्ता करत राहिलो असतो. मग मनात आली एक खट्याळ, लाजिरवाणी इच्छा: हे पुसून टाकावं. घुम्या कुणाला सांगणार नाही, तो कुणालाच काही सांगत नाही. पूर काही रोज येत नाहीत. मी उठले, खाली गेले, कॉफीचे दोन कप घेऊन वर आले आणि एक त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

"बैठकीत दाखवणार?" त्याने विचारलं.

"माझी हरलेली रेघ माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी दाखवलेली मला खपणार नाही," मी म्हणाले, आणि हे बोलताना माझा तो आवाज परत आला. तो कुठे गेला नव्हता.

समितीत केस पिकलेली माणसं होती आणि एक बाई होत्या, त्या सतत पेनचं टोपण काढत-लावत होत्या. साहेबांनी माझी ओळख करून दिली, जरा जास्तच करून दिली. मी उभी राहिले. आधी जुन्या पुलाची कालची अखंड रेघ लावली आणि सांगितलं, यात यंत्राने मोजलेलं किती आणि माझ्या जाळ्याने भरलेलं किती ते ओळखा. कुणाला ओळखता आलं नाही. साहेब हसत होते. हे मी मुद्दाम केलं. माझ्या जाळ्याचं एवढं देणं मी लागत होते. मग पुराची सकाळ लावली. खरी रेघ अखंड, जाळ्याची तुटक. टोपण वाजायचं थांबलं.

"म्हणजे तुमचं जाळं चुकतं," त्या बाई म्हणाल्या.

"चुकतं. त्याने जे कधी पाहिलंच नाही ते ते भरू शकत नाही, आणि भरलं तर इतकं नीट भरतं की तुम्ही विचारणारच नाही. रोजच्या खंडांसाठी याच्याइतकं चांगलं दुसरं काही तुम्हाला मिळणार नाही, हे मी आजही सांगते. पण भोंग्याला लागतो तो पाण्यात बुडवलेला मापक, अजून भक्कम चौकटीचा. आणि भरलेली रेघ तुटक हवी. लोकांनी विचारलं पाहिजे, इथे काय झालं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्यांनी नंतर माझ्याशी बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण मापक मंजूर झाला. बाहेर येताना जिन्यावर मी अशी काही ताठ चालले होते की आदल्या दिवशीचं ते मूठभर मांस मला आठवून हसू आलं. ती रेघ कुणीही बघून वाहवा म्हटलं असतं. आजच्या रेघेची किंमत मलाच कळत होती, आणि मला ती पुरली.

घरी आले तेव्हा ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. आई माझ्या कोटाचं सुटलेलं अस्तर शिवत होती. "मारलीस बाजी?" तिने विचारलं.

"हरले."

"तू?"

"मीच हरवलं मला. मापक बसणार आहे."

"बरं झालं," आई म्हणाली. "पण त्या जिन्यावर पुन्हा मला उचलशील तर तुझीच कंबर जायची." तिने दोरा दाताने तोडला. मी तिच्यासमोर बसले. काल जे विचारायला हवं होतं ते विचारायला मला साधे शब्द सापडत नव्हते, मग साधेच वापरले.

"आई, त्या हॉस्पिटलात काय झालं होतं?"

ती थांबली. आणि ती गप्प होती तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात लगेच सगळं तयार होऊ लागलं: पांढऱ्या खाटा, औषधांचा वास, खिडकीशी बसलेली आई, डोळ्यांत पाणी. किती झरझर आणि किती नीट. मी ते सगळं तिथेच सोडलं आणि वाट पाहिली. मला वाट पाहायची सवय नाही.

"तिथे कुणाच्या हातात कात्री देत नसत," आई म्हणाली. "कात्री नाही, सुई नाही, काचेचा पेलासुद्धा नाही. जेवायला लाकडी चमचा. मी किती दिवस बोलतसुद्धा नव्हते. मग एकदा पडद्यांचं कापड आलं, सगळ्या वॉर्डाचं, आणि बाहेरचा कुणी माणूस ते उभं-आडवं मोजत बसला. त्याला जमत नव्हतं. मी म्हटलं, असं नाही. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि सगळ्यांसमोर त्याची कात्री घेऊन माझ्या हातात दिली."

तिची हनुवटी वर गेली होती. नाकपुड्या जराशा ताणल्या होत्या, डोळे अर्धे मिटले होते. ते तोंड मी शाळेत असताना आरशात पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत एकदाही नाही.

"मी थर लावले आणि एका दमात कापले. एकही पडदा तसूभर वाकडा नाही. बायका टाळ्या वाजवत होत्या, काही जणी तर नुसत्या वाजवतच राहिल्या. मग सोडलं मला. वाटभर ठरवत आले, दारात पाऊल टाकल्या टाकल्या तुझ्या बाबांना सांगायचं, माझ्या हातात कात्री दिली म्हणून."

"मग?"

"दारात तू उभी होतीस ना. त्यांनी विचारलं, ताईचा पाय कसा आहे?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बरा आहे." आईने माझा कोट घडी घालून मांडीवर ठेवला आणि दबलेल्या अंगठ्याने त्याची कड सरळ केली. "तेव्हापासून बराच आहे तो."

मी खुर्ची पुढे ओढली. "पडदे कुठल्या रंगाचे होते?" मी विचारलं.

"रंगाचं नंतर," आई म्हणाली. "आधी ते कापड केवढं जाड होतं ते ऐक."